प्रवाळाजवळ स्थिर राहायचं कसं

माझे बाबा मालवणला रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, होते. मासे मी आधी ताटात ओळखायला शिकले, मग टोपलीत. जिवंत मासा त्याच्या घरात बघितला तो थेट चोविसाव्या वर्षी. गोब्रा होता, सिंधुदुर्ग किल्ल्यामागच्या खडकांत, सहाएक मीटरवर. कल्ले उघडमीट करत तो माझ्याकडे बघत थांबला. मी आनंदाने हात हलवले आणि तो कपारीत शिरला तो परत आलाच नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "पाण्यात धडपडू नको गो, मासो ऐकता."

आज अकरा वर्षं मी अंदमानात, हॅवलॉकवर डायव्हिंग शिकवते. (2018 पासून बेटाचं सरकारी नाव स्वराज द्वीप आहे, पण बोटीवर सगळे हॅवलॉकच म्हणतात.) दिवाळीनंतर आपल्याकडची मंडळी येऊ लागतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कासव दिसेल का?" ते जेवढं समुद्रावर आहे, तेवढंच तुमच्या श्वासावर आहे. म्हणून शिकवताना मी श्वासापासूनच सुरुवात करते.

आधी ठरवा, डीएसडी (डिस्कव्हर स्कूबा डायव्हिंग, म्हणजे नवख्यांसाठीचा एक चाखून बघायचा डाइव्ह) करायची की कोर्स. डीएसडीत शिक्षक तुमचं सिलिंडर मागून धरून फिरवतो, खोली जास्तीत जास्त 12 मीटर. समुद्र कसा असतो ते कळायला हे पुरतं. पण जीव बघायची खरी ओढ असेल तर तीन-चार दिवस काढून ओपन वॉटर कोर्स करा. मग 18 मीटरपर्यंत स्वतःच्या बळावर पोहता येतं. जॉनीज गॉर्ज, डिक्सन्स पिनॅकल या नावाजलेल्या जागा त्याहून खोल जातात, त्या पुढच्या कोर्सनंतर. वय किमान दहा हवं. दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं, कानाचं ऑपरेशन यांतलं काही असेल तर डॉक्टरांचं लेखी पत्र आणा. गरोदरपणात डाइव्ह करायचाच नाही. फॉर्मवर खरं लिहा. पाण्याखाली आम्हाला तुमच्याबद्दल तेवढंच माहीत असतं.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. पहिल्या डाइव्हला एका शिक्षकाकडे किती जण असतील? बोटीवर ऑक्सिजन असतो का? आणि माशांना ब्रेड, बिस्किटं टाकता का? तिसऱ्या प्रश्नाला कुणी अभिमानाने "हो" म्हणालं तर दुसरीकडे जा. फोटोत भोवती पट्टेरी मासे दाटीने दिसावेत म्हणून हे करतात. ते मासे शेवाळ खाणं सोडून माणसाच्या हाताकडे धावू लागतात, प्रसंगी चावतातही. एका ठिकाणी मी हे रोज पाहायचे. ते काम मी दोन महिन्यांत सोडलं.

आता कान. बहुतेकांचा पहिला डाइव्ह इथेच अडतो. दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, पण सगळ्यात मोठा फरक पहिल्या काही मीटरमध्येच जाणवतो. नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलायची, दर अर्ध्या-एक मीटरला, आणि दुखायच्या आधी. दुखलं तर मीटरभर वर या, पुन्हा करा. जोर लावू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही, पैसे बुडाले तरी नाही. सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका आल्या होत्या. निमो रीफला, किनाऱ्यावरून चालत उतरायच्या जागी, त्यांचा कान दोन मीटरखाली मोकळाच होईना. आम्ही तिथेच थांबलो. चाळीस मिनिटं एकाच समुद्रफुलासमोर! वर आल्यावर त्यांनी मला त्या फुलात राहणाऱ्या कुटुंबातल्या सगळ्या नारिंगी माशांचा स्वभाव सांगितला: कोण पुढे येऊन धमकावतो, कोण मागे राहतो. पुढे येणारी मोठी ती मादी. हे मासे नर म्हणून जन्मतात, आणि मादी गेली की तिच्या खालचा नर मादी होतो. बाबांच्या रापणीतल्या गोब्र्यांचं बरोबर उलटं. त्यांच्यातल्या बऱ्याच जाती मादी म्हणून वाढतात आणि पुढे नर होतात.

श्वास कधीही रोखायचा नाही, हा डायव्हिंगचा पहिला नियम. रोखलेला श्वास घेऊन वर आलात तर फुप्फुसातली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. पण न रोखता घ्यायचा तरी कसा? आदल्या रात्री पलंगावर आडवे पडून दहा मिनिटं सराव करा: चार आकडे श्वास आत, सात-आठ आकडे बाहेर, तोंडाने. पाण्यात हाच श्वास तुम्हाला वर-खाली नेतो. भरून घेतला की दोन-तीन सेकंदांनी शरीर उचललं जातं, सोडला की उतरतं. ती दोन-तीन सेकंदं नवशिक्याला कळत नाहीत. तो घाबरून हात मारतो, बीसीडीत (हवा भरता-सोडता येणाऱ्या जाकिटात) हवा भरतो, मग काढतो, आणि सगळा डाइव्ह झोके घेत संपतो. थांबा. श्वासाला त्याचं काम करू द्या.

हवाही मग पुरते. नेहमीच्या 11 लिटरच्या सिलिंडरमध्ये हवा 200 बार दाबाने भरलेली असते, त्यातले 50 बार राखून ठेवायचे. वापरायला राहिली साधारण 1650 लिटर. मिनिटाला 20 लिटर ओढणारा माणूस 10 मीटरवर दुप्पट वापरतो, म्हणजे चाळीस मिनिटं. शांत श्वासाचा माणूस त्याच सिलिंडरवर तासभर राहतो.

बुडायला कमरेच्या पट्ट्यात घालतात ते शिशाचं वजन जास्त असेल तर हे सगळं फुकट. बीसीडी रिकामं करून पृष्ठभागावर उभं तरंगा, नेहमीइतका श्वास घेऊन क्षणभर थांबा: पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं, श्वास सोडला की डोकं बुडायला हवं. भरलेल्या सिलिंडरने तपासत असाल तर दोनेक किलो वाढवा, कारण आतल्या हवेचंच वजन सुमारे अडीच किलो असतं आणि ती संपत जाते. "थोडं जास्त घाला, खाली जायला सोपं" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. जड माणूस पाय खाली टाकून पोहतो, आणि पाय खाली म्हणजे फिन्स प्रवाळावर. मोठे गोलसर प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. मीटरभर उंचीचा जो दगड वाटतो तो शंभरएक वर्षांचा जीव असतो. 2010, 2016 आणि 2024 च्या तापलेल्या पाण्यात प्रवाळांनी आपल्या अंगातलं शेवाळ बाहेर टाकलं, ते पांढरे पडले, कितीतरी मेले. जे त्यातून तगलेत त्यांना आपली लाथ बसते तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

पाय बेडकासारखे मारा, गुडघे वाकवून, बाजूला. हात छातीशी.

जमलं का हे तपासायला मी सगळ्यांना एकाच परीक्षेला बसवते. वाळूत लहानसं बीळ शोधा. तोंडाशी बोटाएवढा गोबी मासा पहाऱ्याला असतो आणि आत एक कोळंबी वाळू उपसत असते. तिला जवळपास दिसतच नाही, म्हणून तिची एक मिशी कायम माशाच्या अंगावर टेकलेली असते. मासा शेपूट हलवतो, ती आत पळते. तुम्ही दोन मीटरवर थांबा. श्वास लांब करा. मग वितीवितीने पुढे. मासा आत गेला तर तुम्ही घाई केलीत. मागे सरा आणि पाच मिनिटं थांबा. ज्या दिवशी हातभर अंतरावरून ती कोळंबी खडा ढकलताना दिसेल, त्या दिवशी कासवही दिसेल. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिने त्याला पाण्याची प्रत्येक हालचाल जाणवते. बाबा 'ऐकता' म्हणाले होते ते हे.

कासवाच्या वरून किंवा मागून जाऊ नका. त्याच्याच पातळीवर, बाजूने, अंतर ठेवून चला. त्याला श्वासाला वर जावं लागतं, ती वाट कधीही अडवू नका. वाम कपारीतून तोंड उघडझाप करते ती धमकी नसते, ती तशीच श्वास घेते. हात मात्र कुठल्याही कपारीत घालू नका. ऑक्टोपस शोधायचा तर खडकाखाली रिकाम्या शिंपल्यांचा ढीग बघा, जेवणानंतरचा कचरा तो दाराशी टाकतो. पाकट वाळूत पुरून बसतं, दोन डोळे तेवढे वर. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा समुद्री साप विषारी आहे पण स्वभावाने गरीब, वाट द्या. आणि निळे छोटे सफाई करणारे मासे जिथे असतील तिथे तीन मीटर दूर थांबून राहा. मोठे मासे तिथे रांगेने येतात, तोंड उघडून उभे राहतात आणि ते निळे मासे त्यांच्या कल्ल्यांतून शिरून बाहेर पडतात. माझ्या आवडीची हीच जागा.

खरी काळजी टायटन ट्रिगरफिशची. घरट्यावर असला की तो हल्ला करतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंदावत जाते, म्हणून वर पळू नका. त्याच्याकडे तोंड ठेवून, फिन्स पुढे धरून, आडवे मागे सरा. माझ्या डाव्या फिनला त्याच्या दातांची खूण अजून आहे. लायनफिश किंवा दगडासारख्या दिसणाऱ्या माशाचा काटा लागला तर भाग सोसवेल तितक्या गरम पाण्यात, सुमारे 45 अंश, अर्धा ते दीड तास बुडवा आणि दवाखाना गाठा.

खूण एकच पाठ करा: अंगठा वर म्हणजे "छान" नव्हे, "वर चला". छान म्हणायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ.

कॅमेरा पहिले वीस डाइव्ह नको. मेलेला प्रवाळाचा तुकडाही खिशात नको. प्रवाळ 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहेत.

वर येताना मिनिटाला 9 मीटरपेक्षा जास्त वेग नको, 5 मीटरवर तीन मिनिटं थांबा. विमानाआधी एका डाइव्हनंतर 12 तास, जास्त झाले असतील तर 18 तास गेलेच पाहिजेत. म्हणून शेवटचा पूर्ण दिवस मोकळा ठेवूनच तिकीट काढा. त्या दिवशी राधानगरच्या किनाऱ्यावर झाडाखाली बसून वही उघडा आणि काय काय दिसलं ते आठवेल तसं, मालवणी नावानं का होईना, लिहून काढा.