कार्यक्रमाची तयारी: तारीख ठरवण्यापासून हिशेब मिटेपर्यंत

हॉल बघायला निघण्याआधी एक वाक्य कागदावर लिहून काढा: या कार्यक्रमाला कोणी यायला हवं आणि येऊन त्यांना काय मिळणार? ‘सगळ्यांसाठी आहे’ हे उत्तर चालणार नाही. ज्येष्ठ मंडळी यायची असतील तर जिने न चढावे लागणारी जागा आणि दिवसाउजेडी घरी पोचता येईल अशी वेळ हवी. नोकरदार यायचे असतील तर सुट्टीचा दिवस, नाहीतर ऑफिस सुटल्यानंतर पोचता येईल अशी वेळ. त्या आठवड्यात परीक्षा, सण किंवा मोठा सामना नाही ना, हे बघूनच तारीख पक्की करा. मग त्या तारखेपासून उलट मोजत या: पाहुण्यांचा होकार, परवानग्या, छपाई, प्रसिद्धी.

भाडं ठरवताना हॉल किती वाजता ताब्यात मिळणार आणि किती वाजता रिकामा करायचा, हे लेखी घ्या. कार्यक्रम सहाचा आणि ताबाही सहाचा असेल, तर लोक आत येत असताना खुर्च्या मांडत बसावं लागतं. वीज गेली तर पर्यायी सोय काय, तेही तेव्हाच विचारा. खर्चाच्या अंदाजात किमान दहा टक्के रक्कम अनपेक्षित गोष्टींसाठी राखून ठेवा. प्रत्येक कामापुढे एकाच माणसाचं नाव असू द्या. ‘आपण सगळे मिळून बघू’ असं ज्या कामाबद्दल ठरतं, ते हमखास राहून जातं.

प्रसिद्धीवर माझा सगळ्यात जास्त भर असतो, कारण चांगले कार्यक्रम रिकाम्या खुर्च्यांपुढे झालेले बघवत नाहीत. पोस्टरवर तारखेसोबत वार, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, पूर्ण पत्ता, प्रवेश मोफत की तिकीट, आणि चौकशीसाठी खरोखर उचलला जाणारा फोन नंबर हवा. मान्यवरांच्या फोटोंच्या गर्दीत नेमकी वेळच हरवते. क्यूआर कोड छापणार असाल तर तो जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायचा, त्याच्या साधारण एक दशांश रुंदीचा ठेवा. नमुना प्रत भिंतीला लावून दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर तपासा आणि मगच छपाईला द्या. व्हॉट्सॲपवर नुसतं चित्र पाठवू नका. खाली तोच तपशील टाइप केलेला असला की आठवडाभराने शोधणाऱ्यालाही तो सापडतो. आणि ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे आमंत्रण नव्हे. ज्यांनी यावंच असं वाटतं, त्यांना नाव घेऊन फोन करा. मोफत कार्यक्रमाला नाव नोंदवलेले सगळे येत नाहीत, म्हणून आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी आठवण पाठवा.

आदल्या दिवशी मिनिटवार तक्ता करा आणि तो निवेदक, साउंडवाले व दारावरचे स्वयंसेवक यांच्या हातात द्या. स्वागत-सत्काराला किती मिनिटं, हे आयोजकांनी आपसात आधीच ठरवावं. मुख्य वक्त्याचा वेळ तिथेच खाल्ला जातो. माइकची चाचणी रिकाम्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून घ्या आणि भरलेल्या हॉलमध्ये आवाज थोडा वाढवावा लागेल हे धरून चाला, कारण माणसं आवाज शोषून घेतात. माइक स्पीकरच्या समोर आला की शिट्टी वाजते, म्हणून स्पीकर वक्त्याच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. व्हिडिओ दाखवायचा असेल तर ज्या लॅपटॉपवरून दाखवणार त्याच लॅपटॉपवर तो आवाजासकट चालवून बघा. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी, बाहेर पडायचे मोकळे दरवाजे: यांची पाहणी एकाने दार उघडण्यापूर्वी करावी.

दारावर नाव लिहून घेताना प्रत्येकाला ‘कार्यक्रमाचं कुठून कळलं?’ एवढं विचारा आणि नावापुढे खूण करा. दुसऱ्या दिवशी आभाराचे फोन आणि फोटो, आठवडाभरात हिशेब. पुढच्या वेळी पत्रकं छापायची की फोनवर माणसं वाढवायची, ते या खुणा मोजून ठरवा.