पर्याय झाकून आधी उत्तर कसं ठरवावं

एलसॅटसारख्या परीक्षेत (अमेरिकेतल्या कायदा महाविद्यालयांची प्रवेश परीक्षा) तर्कक्षमतेच्या प्रश्नाखालच्या पाच पर्यायांपैकी चार चुकीचे असतात, पण ते चुकीचे वाटू नयेत यासाठी त्यांच्यावर पुष्कळ मेहनत घेतलेली असते. उतारा अर्धवट समजलेला असताना ते वाचले, की प्रत्येकात काहीतरी पटतं आणि मूळ उताऱ्यात काय म्हटलं होतं तेच निसटतं. यावर 'आधी उत्तराचा अंदाज बांधा' हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण अंदाज नेमका कशाचा बांधायचा हे कोणी सांगत नाही. म्हणून बहुतेक जण आठवड्याभरात तो सोडून देतात.

जुन्या प्रश्नपत्रिका, वही आणि पर्याय झाकायला एक जाड कागद घ्या. स्क्रीनवर सराव असेल तर पर्याय दिसणार नाहीत इतकी विंडो लहान करा. टायमर बंद.

प्रश्न आधी वाचा, उतारा नंतर. युक्तिवाद मोडायचा आहे की त्यातलं गृहीतक शोधायचं आहे, हे माहीत असलं की वाचन नेमकं होतं.

उताऱ्यात निष्कर्ष आणि आधार वेगळे करा. निष्कर्ष शेवटच्याच वाक्यात असेल असं धरून चालू नका. तो पुष्कळदा पहिल्या वाक्यात किंवा 'पण'च्या लगेच पुढे असतो. शंका आली तर दोन वाक्यांमध्ये 'कारण' घालून पाहा. 'अमुक खरं आहे, कारण तमुक' हे ज्या क्रमाने जुळेल, त्यातलं 'अमुक' म्हणजे निष्कर्ष.

आता खरी अवघड पायरी. अंदाज म्हणजे बरोबर पर्यायाचं वाक्य ओळखणं नव्हे. ते वाक्य तुम्हाला आधी सुचणार नाही, आणि सुचण्याची गरजही नाही. शोधायची असते ती आधार आणि निष्कर्ष यांच्यामधली फट. हा युक्तिवाद घ्या: 'कार्यालयात उभ्याने काम करायची टेबलं वापरणाऱ्यांना इतरांपेक्षा पाठदुखीचा त्रास कमी आहे. म्हणजे या टेबलांमुळे पाठदुखी कमी होते.' आधार सांगतो की दोन गोष्टी एकत्र आढळल्या. निष्कर्ष म्हणतो की एकीमुळे दुसरी घडली. फट इथे आहे. ज्यांची पाठ मुळात दुखत नाही, त्यांनीच ही टेबलं निवडली असतील. किंवा टेबलं वापरणारे मुळात जास्त व्यायाम करणारे असतील.

इथे दोन चुका होतात. पहिली, अंदाज फार ढोबळ असणं. 'युक्तिवाद कच्चा आहे', 'पुरावा अपुरा आहे' असं वहीत लिहिलंत तर पाचही पर्याय त्यात बसतील. दुसरी चूक जास्त घातक आहे आणि ती चांगल्या विद्यार्थ्यांकडून होते: अंदाज फार नेमका असणं. युक्तिवाद कमकुवत करणारं विधान विचारलं आहे, तुम्ही 'पाठ दुखणारे उभं राहणं टाळतात' असं ठरवलंत आणि पर्यायात आलं 'ही टेबलं वापरणारे बहुतेक जण नियमित पोहतात'. शब्द जुळत नाहीत म्हणून तुम्ही तो पर्याय खोडता, आणि तोच बरोबर असतो. म्हणून वहीत लिहायचं ते असं: 'टेबल हे कारण नसेल, उलटा संबंध किंवा तिसरं कारण.' यात फट पकडलेली आहे आणि ती उघडी करणारं कोणतंही विधान ओळखता येतं. तर्कदोष विचारला असेल तर याच फटीचं उत्तर 'दोन गोष्टी एकत्र आढळल्या, एवढ्यावरून त्यांत कार्यकारण मानले आहे' अशा कोरड्या भाषेत येतं. त्या भाषेची सवय करून घ्या.

अंदाज लिहूनच काढा, दहा-बारा शब्दांत. मनातला अंदाज पहिला पर्याय वाचताच नकळत त्याच्यासारखा होतो आणि आपल्याला वाटतं, हेच तर म्हणायचं होतं. कागदावरचा अंदाज बदलत नाही, म्हणून पहिले काही आठवडे हे टाळू नका.

मग पर्यायांवरचा कागद काढा. पाचही पर्याय वाचा, दुसराच पटला तरीही. आवश्यक गृहीतक विचारलं असेल तर निवडलेल्या पर्यायाचं नकारार्थी विधान करा: त्याने युक्तिवाद कोसळला पाहिजे.

उत्तर तपासल्यावर फक्त बरोबर-चूक नोंदवून काहीच कळत नाही. फट बरोबर पकडली होती का, हे वेगळं लिहा. फट बरोबर पण पर्याय चुकला, तर अडचण पर्यायांची भाषा वाचण्यात आहे. फटच चुकली पण पर्याय बरोबर आला, तर तो गुण नशिबाचा समजा आणि प्रश्न दोन दिवसांनी पुन्हा सोडवा.

ही पद्धत सगळ्या प्रश्नांना सारखी लावू नका. तर्कदोष, गृहीतक, मुख्य निष्कर्ष आणि विसंगतीचा उलगडा यांत ती उत्तम चालते. 'उताऱ्यावरून काय निश्चित सिद्ध होतं' या प्रश्नात शक्य उत्तरं अनेक असतात. तिथे दोन विधानं जोडून काही सहज निघालं तर ठीक, नाहीतर सरळ पर्याय तपासा. समान रचनेचा युक्तिवाद शोधताना विषय सोडून फक्त सांगाडा लिहा: 'सगळे क ख आहेत, हा ख आहे, म्हणून हा क आहे.'

वेळ लावायची घाई करू नका. एलसॅटच्या एका विभागात ३५ मिनिटांत साधारण २५ प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला जेमतेम ८४ सेकंद. हे पाहून लोक पहिल्याच दिवशी टायमर लावतात आणि अंदाजाची पायरी गाळतात. दहापैकी सात-आठ प्रश्नांत फट बरोबर येऊ लागली की मगच घड्याळ लावा. तेव्हा लिहिणं बंद करून अंदाज मनात म्हणा, आणि दहा-पंधरा सेकंदांत फट दिसली नाही तर अडून न राहता निष्कर्ष आणि आधार पक्के धरून पर्यायांकडे वळा.