हार्डवेअर मानकासाठी कार्यगट : पिनांच्या आधी पेटंट

इंदूरच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समधील किंवा पीथमपूरच्या चार-पाच उत्पादकांना आपापल्या कंट्रोल बोर्डांसाठी एकच कनेक्टर हवा असेल, तर त्याचे मानक ठरवणाऱ्या कार्यगटाची पहिली बैठक कनेक्टरच्या आकारावर नव्हे, कामाच्या व्याप्तीवर घ्यावी. मापे, पिनांचा क्रम, व्होल्टेज आणि चाचणीची पद्धत एवढेच आपले काम, असे एका पानात लिहून काढावे. किंमत, उत्पादनाचे प्रमाण आणि ग्राहकांची वाटणी हे विषय बैठकीत निघूच द्यायचे नाहीत, कारण स्पर्धकांनी त्यांवर केलेला समझोता २००२ च्या स्पर्धा अधिनियमाच्या कलम ३ मध्ये सापडतो. सुरुवातीचे पोहे-जिलेबी होऊ द्यावेत. इतिवृत्त मात्र प्रत्येक वेळी लिहिले गेलेच पाहिजे.

सभासद एकाच जातकुळीचे नसावेत. १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती आली, तेव्हा तिच्यामागे कॉम्पॅक, डीईसी, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल अशा संगणक, चिप, सॉफ्टवेअर व दूरसंचार क्षेत्रांतील सात कंपन्या होत्या. आपल्याकडेही बोर्ड बनवणाऱ्यांबरोबर ते बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस टेबलाशी हवा.

माझ्या मते खरी कसोटी पेटंटची आहे. रॅम्बस ही कंपनी १९९० च्या दशकात जेडेक या मेमरी चिपांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या बैठकांना बसत असे आणि पुढे मेमरीच्या मानकांना अनुसरून माल बनवणाऱ्यांवर तिने पेटंटचे दावे लावले. ते खटले वर्षानुवर्षे चालले. म्हणून मसुद्याची पहिली ओळ लिहिण्याआधीच, मानकाला आवश्यक ठरणारी पेटंटे आणि प्रलंबित अर्ज उघड करण्याचे, तसेच परवाना फुकट अथवा वाजवी व भेदभावरहित अटींवर देण्याचे बंधन सर्वांनी सहीनिशी स्वीकारावे. सही टाळणाऱ्याला निरीक्षक म्हणूनही बसवू नये.

मसुद्यात 'असलेच पाहिजे' आणि 'असावे' यांतला फरक काटेकोरपणे पाळावा. यूएसबीच्या जुन्या चपट्या प्लगमध्ये डोकावले, तर कडेच्या दोन पट्ट्या, म्हणजे वीज आणि ग्राउंड, मधल्या दोन डेटापट्ट्यांपेक्षा लांब दिसतात. खोचताना वीजजोडणी आधी व्हावी म्हणून तसे केलेले आहे. असा तपशील 'असावे' म्हणून सोडला, तर एखादा कारखानदार तो वगळणार आणि बोर्डात बिघाड आल्यावर दोष मानकाला देणार.

नुसत्या आपसांतल्या करारावर काम भागत असेल तोवर कार्यगटाच्या नोंदणीची घाई नको. वर्गणी व कर्मचारी आले, की २०१३ च्या कंपनी अधिनियमातील कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढता येते. मसुदा राष्ट्रीय मानक व्हावा असे वाटत असेल, तर तो भारतीय मानक ब्यूरोकडे प्रस्ताव म्हणून मांडावा.

त्याआधी दोन कंपन्यांनी केवळ मसुदा वाचून, एकमेकींना फोन न करता, प्रत्येकी एक नमुना बनवावा आणि सर्वांसमोर ते एकमेकांत खोचून पाहावेत. ज्या प्रश्नासाठी फोन करावासा वाटला, तो लिहून ठेवावा. मसुद्यात तेवढ्या जागी दुरुस्ती बाकी आहे.