अमेरिकेत कॉलेजची फी आगाऊ भरताना: प्रीपेड योजनेचा करार कसा वाचावा

मूल जन्मलं की ‘५२९ उघडा’ हा सल्ला अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी घरात कोणी ना कोणी देतंच. ५२९ म्हणजे शिक्षणाच्या बचतीला करसवलत देणारं अमेरिकन करकायद्याचं कलम. पण या कलमाखाली दोन वेगळ्या योजना येतात. बचत योजनेत पैसे म्युच्युअल फंडांत जातात आणि शिल्लक बाजाराबरोबर वरखाली होते. प्रीपेड योजनेत तुम्ही कॉलेजचे क्रेडिट अवर (अभ्यासक्रम आणि त्याची फी मोजण्याचं एकक) आधीच विकत घेता. आज घेतलेलं एक वर्ष पंधरा वर्षांनीही एक वर्षाचीच फी भरतं, मधे फी कितीही वाढो.

राज्याची प्रीपेड योजना मोजक्याच ठिकाणी मिळते: फ्लोरिडा, टेक्सास, वॉशिंग्टन, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया आणि आणखी काही राज्यं. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्नियात राज्याची अशी योजना नाही. तिथल्या पालकांना २००३ पासून चालू असलेला ‘प्रायव्हेट कॉलेज ५२९’ हा पर्याय उरतो. तो कोणत्याही राज्यातून घेता येतो आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, प्रिन्स्टनसारख्या सदस्य खाजगी कॉलेजांत चालतो. मात्र त्यातली सर्टिफिकेटं, म्हणजे आगाऊ घेतलेली फी, ३६ महिने ठेवल्याशिवाय वापरता येत नाहीत.

सुरुवात रहिवासाच्या अटीपासून करा. राज्यांच्या योजनांत बहुधा मूल किंवा पालक त्या राज्याचे रहिवासी असावे लागतात, आणि मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो. एच-वन-बीवर असाल आणि नोकरीसाठी राज्य बदलण्याची शक्यता असेल, तर ‘मूल दुसऱ्या राज्यात शिकलं तर काय मिळेल’ हे कलम सगळ्यात आधी वाचा. इथेच योजनांत मोठा फरक आहे. फ्लोरिडाची योजना तिथल्या सरकारी कॉलेजात जेवढी रक्कम भरली असती तेवढी दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजलाही देते. टेक्सासमध्ये फी ‘युनिट’च्या मापात आगाऊ घेतात; ते युनिट राज्याबाहेर नेलं, तर त्या युनिटने राज्यात भागली असती ती फी आणि तुमची मूळ किंमत अधिक-उणे गुंतवणुकीचा नफा-तोटा, या दोन्हींपैकी कमी असेल ते मिळतं. म्हणजे फीवाढीपासूनचं संरक्षण राज्याची हद्द ओलांडताना जातं.

मग तारखा. फ्लोरिडाची नावनोंदणी १ फेब्रुवारी ते ३० एप्रिल चालते. टेक्सासची १ सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, एक वर्षाखालच्या बाळांसाठी ३१ जुलैपर्यंत. टेक्सासची युनिटं घेतल्यावर तीन वर्षं थांबावं लागतं. अकरावीत घेतलेली युनिटं पहिल्या वर्षाला उपयोगी पडणार नाहीत, हे अनेकांना फार उशिरा कळतं.

किती घ्यायचं याचा हिशोब नीट मांडा. टेक्सासमध्ये १०० युनिटं म्हणजे ३० क्रेडिट अवर, एक वर्ष. १२० अवरच्या पदवीला ४०० युनिटं. प्रकार तीन: पहिला राज्यातल्या सर्वांत महागड्या सरकारी युनिव्हर्सिटीच्या दराने, दुसरा चार वर्षांच्या सरकारी कॉलेजांच्या सरासरीने, तिसरा कम्युनिटी कॉलेजसाठी. दुसऱ्या प्रकाराची युनिटं घेऊन मूल महागड्या युनिव्हर्सिटीत गेलं, तर फरक तुम्हीच भरायचा. इंजिनिअरिंगला बहुधा १२० पेक्षा जास्त अवर लागतात, लॅब आणि कोर्सची वेगळी फीही असते, आणि ती योजनेत येत नाही. उलट एपीचे (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज पातळीच्या कोर्सांचे) क्रेडिट घेऊन गेलेल्या मुलाची युनिटं उरतात. ती भावंडाच्या नावे करता येतात.

राहणं-खाणं बहुतेक योजनांत नसतंच, आणि आमच्या मते सगळ्यात मोठी फसगत इथे होते. फ्लोरिडा युनिव्हर्सिटीत राज्यातल्या विद्यार्थ्याची वर्षाची फी सुमारे ६,४०० डॉलर आहे. हॉस्टेल आणि जेवण याहून बरंच जास्त. म्हणून सगळी बचत प्रीपेडमध्ये टाकू नका. फीचा भाग प्रीपेडमध्ये आणि बाकीचा ५२९ बचत खात्यात, अशी विभागणी करा.

किमतीकडेही डोळसपणे पाहा. युनिटाची किंमत आजच्या फीपेक्षा जास्त असू शकते, कारण पुढची वाढ त्यात धरलेली असते. ती वाढ झालीच नाही तर फायदा आटतो. फ्लोरिडातल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांचा मूळ दर २०१३ पासून वर्षानुवर्षं प्रति क्रेडिट अवर १०५.०७ डॉलरवरच राहिला. २०२० मध्ये योजनेने जुन्या खातेदारांचे हप्ते कमी केले, अनेकांना पैसे परत दिले. हप्ते जितके लांबवाल तितकी एकूण रक्कम वाढते. जमत असेल तर एकरकमी भरा, नाहीतर पाच वर्षांत संपवा.

हमी कोणाची आहे, हे कराराच्या पहिल्या काही पानांत असतं. फ्लोरिडा आणि वॉशिंग्टनच्या योजनांमागे राज्य उभं आहे. टेक्सासच्या सध्याच्या योजनेमागे तशी हमी नाही. अलाबामात २००८ च्या मंदीनंतर निधी अपुरा पडला आणि शेवटी खातेदारांना २०१० च्या दरानेच फी मिळाली, वरचा बोजा पालकांवर आला.

शिष्यवृत्ती मिळाली तर पैसे बुडत नाहीत. शिष्यवृत्तीच्या रकमेइतके काढले तर १० टक्के दंड लागत नाही, फक्त नफ्यावर कर भरावा लागतो. इतर कारणांनी काढले तर नफ्यावर करही आणि दंडही. आर्थिक मदतीच्या अर्जात ही योजना पालकांची मालमत्ता धरली जाते, त्यामुळे जास्तीत जास्त ५.६४ टक्केच हिशोबात येते.

कॉलेज सुरू झाल्यावर करात एक गोष्ट सांभाळा. अमेरिकन ऑपॉर्च्युनिटी क्रेडिट, म्हणजे कॉलेजच्या खर्चावर करात मिळणारी सूट, वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत मिळतं, पण त्यासाठी ४,००० डॉलरचा खर्च ५२९ च्या बाहेरून केलेला लागतो. संपूर्ण फी प्रीपेडने भागवली तर हे क्रेडिट निसटतं. पती-पत्नींचं एकत्रित उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या आत असेल, तर कोर्सची पुस्तकं स्वतःच्या खिशातून घ्या, पावत्या जपा, आणि शक्य असेल तर एखाद्या सेमिस्टरची फी स्वतः भरून तेवढी युनिटं पुढे ठेवा.