चुंबकन कमी आलं? रेसिपी बदलण्याआधी ऑक्साइड तपासा

व्हीएसएमवर (नमुना कंपित करून त्याचं चुंबकन मोजणारं यंत्र) कोबाल्ट फिल्मचं चुंबकन अपेक्षेपेक्षा २० टक्के कमी दिसलं की बरेच विद्यार्थी लगेच रेसिपी, म्हणजे स्पटरिंगची (आर्गॉनच्या आयनांनी धातू उडवून फिल्म चढवण्याची) पॉवर, आर्गॉनचा दाब बदलायला घेतात. कृपया हे करू नका. १० नॅनोमीटरच्या फिल्ममधला वरचा २ नॅनोमीटर धातू ऑक्साइड झाला, तर चुंबकनाला उरतो ८. मोजलेल्या चुंबकीय आघूर्णाला फिल्मच्या आकारमानाने भागून चुंबकन काढताना मात्र आपण जाडी १० च धरतो. दोष आकडेमोडीत असतो आणि आठवडे जातात रेसिपीत.

एकाच रेसिपीने ५, १०, २०, ४० नॅनोमीटरच्या फिल्म करा. दर क्षेत्रफळामागचा चुंबकीय आघूर्ण जाडीसमोर मांडा. रेषा शून्यातून न जाता जाडीचा अक्ष जिथे छेदते, तेवढा थर मृत, म्हणजे चुंबकनात भाग न घेणारा, समजा. खरं चुंबकन रेषेच्या उतारातून मिळतं. मृत थर खालच्या सीड लेयरपाशीही (फिल्मच्या आधी चढवलेला पातळ थर) असू शकतो, म्हणून कॅप (हवेपासून वाचवणारा वरचा थर) असलेली आणि नसलेली अशा दोन्ही मालिका करा.

फक्त खोलीच्या तापमानाला लूप (क्षेत्र उलटसुलट बदलत काढलेला चुंबकनाचा आलेख) घेऊन ‘ऑक्साइड नाही’ असंही म्हणू नका. कोबाल्ट ऑक्साइडचं नील तापमान (ज्याच्या खालीच त्याची प्रतिचुंबकीय रचना, म्हणजे अँटिफेरोमॅग्नेटिक क्रम, टिकतो) साधारण २९० केल्विन, पातळ थरात त्याहूनही कमी. चुंबकीय क्षेत्र लावून फिल्म थंड केली तरच लूप बाजूला सरकतो. माइकलजॉन आणि बीन यांना १९५६ मध्ये ऑक्साइड चढलेल्या कोबाल्टच्या कणांत हेच दिसलं होतं.

एक्सपीएसमध्ये (क्ष-किरणांनी पृष्ठभागाची रासायनिक अवस्था तपासण्याच्या पद्धतीत) आल्याआल्या आर्गॉनने पृष्ठभाग खरवडणं ही तर सर्रास होणारी चूक. जो पुरावा शोधायचा तोच उडून जातो! पहिला स्पेक्ट्रम न खरवडता घ्या: धातूचं शिखर ७७८ इलेक्ट्रॉन-व्होल्टला, ऑक्साइडचं ७८० च्या आसपास, आणि ७८६ जवळ त्याचा सॅटेलाइट (सोबतचं दुय्यम शिखर).

कॅप चेंबर न उघडता, लगेच चढवा. एका टॉरच्या (दाबाचं एकक) दहा लाखाव्या भागाइतक्या दाबालाही, आदळलेला प्रत्येक रेणू चिकटला तर, सेकंदाभरात एक रेणूथर जमतो. टँटलमची कॅप फार पातळ असेल तर ती स्वतःच पूर्ण ऑक्सिडाइझ होते. सब्सट्रेट गरम असताना चेंबरमध्ये हवा सोडू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.

मिनीडिस्कमध्ये (गाण्यांची जुनी चुंबकीय-प्रकाशीय डिस्क) वापरलेल्या टर्बियम-लोह-कोबाल्टची गोष्ट वेगळी. तिथे टर्बियम आधी ऑक्सिजन ओढतं, त्यामुळे टर्बियम आणि लोह-कोबाल्ट यांच्या परस्परविरोधी आघूर्णांचा तोल ढळतो. मूळ फिल्म टर्बियमप्रधान असेल तर कोअर्सिव्हिटी (चुंबकन शून्यावर आणायला लागणारं उलटं क्षेत्र) आधी वाढते, लोहप्रधान असेल तर घटते. कोअर्सिव्हिटी वाढली म्हणून फिल्म सुधारली असं मानू नका.