कॉम्प्लिमेंट प्रणाली: समजून घेताना आणि तपासताना या चुका टाळा

कॉम्प्लिमेंट म्हणजे जंतूंवर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांचा संच. त्याच्या तपासणीचा निकाल विचित्र आला की आधी यंत्रावर आणि रिएजंटवर (तपासणीच्या रसायनांवर) संशय जातो. चूक बहुतेकदा त्याच्या खूप आधी झालेली असते. नमुना टेबलावर पडून राहिलेला असतो, नळी चुकलेली असते, किंवा आकडा वाचणाऱ्याच्या मनात या प्रणालीचे चित्रच अर्धवट असते. ही प्रथिने कधीच पूर्ण झोपलेली नसतात. रक्तात, सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात), अगदी काढून ठेवलेल्या नळीतही सी३ हे या संचातले मध्यवर्ती प्रथिन संथपणे सक्रिय होतच असते. म्हणून "कॉम्प्लिमेंट कशाने सुरू झाले?" एवढे विचारून भागत नाही, "त्याला कोण आवरत होते?" हेही विचारावे लागते. खालच्या बहुतेक चुका हा दुसरा प्रश्न राहून गेल्यामुळे होतात.

अल्टरनेटिव्ह मार्गाला 'पर्यायी' समजणे

कॉम्प्लिमेंट तीन मार्गांनी सुरू होते: क्लासिकल, लेक्टिन आणि अल्टरनेटिव्ह. क्लासिकल मार्ग सी१क्यू या प्रथिनापासून सुरू होतो. पृष्ठभागाला चिकटलेला एक आयजीएम रेणू किंवा अगदी जवळजवळ बसलेले आयजीजी रेणू (दोन्ही अँटिबॉडीचे प्रकार) त्याला पुरतात. आयजीजी३ आणि आयजीजी१ हे काम उत्तम करतात, आयजीजी२ कमी, आणि आयजीजी४ जवळपास करतच नाही. लेक्टिन मार्गाला अँटिबॉडी लागत नाही. एमबीएल आणि फायकोलिन ही प्रथिने जंतूवरची साखर ओळखतात आणि मॅस्प-२ हे विकर पुढचे कापण्याचे काम करते. इथपर्यंत सगळे बरोबर सांगतात.

गडबड तिसऱ्या मार्गापाशी होते. नावामुळे तो राखीव मार्ग वाटतो. प्रत्यक्षात तो सतत चालू असतो, कारण सी३ मधला थायोएस्टर बंध पाण्याशी आपोआप अभिक्रिया करत राहतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो बाकी दोन मार्गांचा वर्धक आहे. सी३बी (सी३ चा मोठा तुकडा) कोणत्याही मार्गाने तयार झालेले असो, त्याला फॅक्टर बी चिकटते, फॅक्टर डी ते कापते, नवा कन्व्हर्टेज (सी३ फोडणारे विकर) तयार होतो आणि तो आणखी सी३ फोडतो. मानवी सीरमवरच्या प्रयोगांत क्लासिकल मार्गाने सुरुवात झाली असतानाही शेवटच्या उत्पादनांपैकी सुमारे ८० टक्के वाटा या वर्धक फेऱ्याचा निघाला आहे. तेव्हा आकृतीत तीन समांतर रेषा काढू नका. दोन रेषा सी३ पर्यंत आणा आणि सी३ भोवती एक फेरा काढा.

क्रमांकांच्या मागे धावणे

सी१ नंतर सी२ येत नाही. क्रम सी१, सी४, सी२, सी३, सी५ असा आहे. पुढे सी९ पर्यंत सरळ. क्रमांक शोधाच्या क्रमाने पडले, कामाच्या क्रमाने नाही. दुसरा गोंधळ सी२ च्या तुकड्यांचा. इतर प्रथिनांत लहान तुकडा 'ए' आणि मोठा 'बी' असतो. सी२ मध्ये मात्र जुन्या पद्धतीत मोठ्या तुकड्याला सी२ए म्हणत आणि काही नव्या पुस्तकांत त्यालाच सी२बी म्हटलेले दिसते. वाद घालण्यापूर्वी पुस्तकाने कोणती पद्धत घेतली आहे ते पाहा.

ब्रेक न मोजता इंजिन मोजणे

नुकत्याच तयार झालेल्या सी३बी ची चिकटण्याची शक्ती एका सेकंदाच्या अगदी छोट्या अंशापुरती टिकते, पण तेवढ्यात ते जवळच्या कोणत्याही पृष्ठभागाला धरते. जंतू कोणता आणि आपली पेशी कोणती, हे त्याला कळत नाही. तो भेद नियंत्रक प्रथिने करतात. फॅक्टर एच आपल्या पेशींवरच्या सायॅलिक आम्लाला आणि हेपॅरनसारख्या साखळ्यांना धरून बसते, फॅक्टर बी ला बाजूला सारते आणि फॅक्टर आय ला मदत करते. पेशीवर बसलेली सीडी५५, सीडी४६ आणि सीडी३५ सी३ च्या टप्प्यावर काम करतात. सीडी५९ अगदी शेवटी, सी९ चे रेणू जोडले जाऊन छिद्र पडू नये म्हणून. सुरुवातीच्या टोकाला सी१ इनहिबिटर आणि सी४ बाइंडिंग प्रोटीन आहेत.

इथे दोन गोष्टी नेहमी चुकतात. पहिली, फॅक्टर आय एकटे सी३बी कापू शकत नाही. त्याला फॅक्टर एच, सीडी४६ किंवा सीडी३५ यांपैकी एक सहकारी लागतोच. सीडी५५ हा असा सहकारी नाही. तो फक्त जुळलेला कन्व्हर्टेज मोडतो. दुसरी, सी३बी कापले गेले म्हणजे काम संपले असे नाही. आयसी३बी, म्हणजे असे कापलेले सी३बी, नवा कन्व्हर्टेज बनवत नाही, पण भक्षक पेशींना ते सीआर३ या ग्राहीमार्फत दिसतेच. पुढे उरणारा सी३डी हा तुकडा सीआर२ या ग्राहीमार्फत बी पेशींचा (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा) प्रतिसाद वाढवतो. नियंत्रण म्हणजे सगळे पुसून टाकणे नव्हे.

ब्रेकचे मोल पाहायचे असेल तर नागाच्या विषातला घटक घ्या. अल्टरनेटिव्ह मार्गाचा नेहमीचा कन्व्हर्टेज शरीराच्या तापमानाला सुमारे दीड मिनिटात अर्धा मोडतो. प्रॉपर्डिन हे प्रथिन चिकटले तर काही पट जास्त टिकतो. विषातल्या या घटकाने, म्हणजे कोब्रा व्हेनम फॅक्टरने, बनवलेला कन्व्हर्टेज काही तास टिकतो आणि फॅक्टर एच त्याला हात लावू शकत नाही. परिणामी प्राण्याच्या रक्तातले जवळपास सगळे सी३ संपून जाते. प्रयोगशाळेत कॉम्प्लिमेंट रिकामे करायला तो याचसाठी वापरतात.

नमुना घेताना आणि ठेवताना

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून इथे थोडे थांबू.

*नळी.* सीएच५० (क्लासिकल मार्गाची) आणि एएच५० (अल्टरनेटिव्ह मार्गाची) या कार्य तपासणाऱ्या चाचण्या आहेत; सीरम लाल पेशी किती फोडते ते त्यांत पाहतात. त्यांना सीरमच लागते. ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही बांधून टाकते. कॅल्शियमशिवाय सी१ चा संच सुटतो आणि मॅग्नेशियमशिवाय कन्व्हर्टेज जुळत नाही, म्हणून निकाल शून्य येतो. हेपॅरिनही चालत नाही. उलट सक्रियतेतून निघालेले तुकडे, म्हणजे सी३ए, सी५ए, बीबी (फॅक्टर बी चा तुकडा) किंवा विरघळलेले सी५बी-९ (छिद्र पाडणारा शेवटचा संच), मोजायचे असतील तर सीरम घेऊ नका, कारण रक्त गोठतानाच हे तुकडे तयार होतात आणि आकडा खोटा चढतो. त्यासाठी ईडीटीए प्लाझ्मा (गोठू न दिलेल्या रक्तातला द्रव) घ्या. नळी लगेच बर्फात ठेवा, थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा आणि ताबडतोब गोठवा.

*वेळ आणि तापमान.* सीरमसाठी रक्त खोलीच्या तापमानाला ३० ते ६० मिनिटे गोठू द्या, वेगळे करा, लहान भागांत वाटा आणि दोन तासांच्या आत उणे ७० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली ठेवा. उणे २० अंशांचा साधा फ्रीजर कार्यचाचणीसाठी पुरत नाही. तिथे सक्रियता हळूहळू उतरत जाते. बाहेर पाठवायचे तर कोरड्या बर्फात. वितळवणे एकदाच. वितळवलेला भाग बर्फावर ठेवा आणि त्याच दिवशी वापरा. उरलेले परत गोठवण्याचा मोह टाळा.

*जुन्या नमुन्यावर सी३ मोजणे.* नेफेलोमेट्रीत (विखुरलेल्या प्रकाशावरून प्रथिनाचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीत) वापरले जाणारे बरेच अँटिसीरा, म्हणजे सी३ ओळखणाऱ्या अँटिबॉडी, सी३सी या तुटलेल्या तुकड्यालाही ओळखतात. त्यामुळे नमुना खराब झाला तरी सी३ चा आकडा खाली येत नाही. काही वेळा वरही जातो. सी३ ठीक आणि सीएच५० शून्य दिसले की रुग्णाआधी नळीचा इतिहास विचारा.

*थंडीत होणारी सक्रियता.* क्रायोग्लोब्युलिन (थंडीत साका धरणाऱ्या अँटिबॉडी) असलेल्या, विशेषतः हिपॅटायटिस सी च्या काही रुग्णांत सीरम थंड होताच नळीतच क्लासिकल मार्ग सुरू होतो. सी३ आणि सी४ ठीक, सीएच५० मात्र खूप कमी, असे चित्र दिसते. अशा वेळी रक्त ३७ अंशांवरच ठेवून सीरम काढा आणि लगेच चाचणी लावा. आकडा सुधारला तर दोष रुग्णाच्या रक्तातल्या कॉम्प्लिमेंटचा नाही, थंडीचा आहे.

रक्तपेशींच्या चाचणीतले बारकावे

सीएच५० साठी अँटिबॉडी लावलेल्या मेंढीच्या लाल पेशी वापरतात, एएच५० साठी सशाच्या. सशाच्या पेशींवर सायॅलिक आम्ल कमी असते. मानवी फॅक्टर एच त्यांना नीट धरू शकत नाही आणि अँटिबॉडीशिवायच अल्टरनेटिव्ह मार्ग पेटतो. मेंढीच्या पेशी तिथे चालणार नाहीत, हे यातूनच कळते.

साधे पीबीएस (फॉस्फेटचे खारट बफर) वापरणे ही नेहमीची चूक. सीएच५० च्या बफरमध्ये सुमारे ०.१५ मिलिमोलर कॅल्शियम आणि ०.५ ते १ मिलिमोलर मॅग्नेशियम हवे, शिवाय ०.१ टक्का जिलेटिन. एएच५० मध्ये कॅल्शियम ईजीटीएने बांधतात आणि मॅग्नेशियम जास्तीचे घालतात, म्हणजे क्लासिकल आणि लेक्टिन मार्ग बंद राहतात. बफरचा पीएच ७.३ ते ७.४ च्या बाहेर गेला की आकडे घसरतात.

पेशी वरचे पाणी रंगहीन होईपर्यंत धुवा. प्रत्येक वेळी दोन नियंत्रण नळ्या लावा: एक सीरमशिवाय, दुसरी निव्वळ पाण्यातली, म्हणजे १०० टक्के फुटण्याची. सीरमशिवायच्या नळीत लाली दिसली तर पेशी जुन्या झाल्या आहेत; तो दिवस सोडून द्या. गणित करताना १० ते ९० टक्क्यांच्या मधलीच वाचने घ्या, टोकांना वक्ररेषा सपाट होते.

जंतू मारण्याच्या प्रयोगांत आणखी एक खाच आहे. सीरम पातळ केले की अल्टरनेटिव्ह मार्ग क्लासिकलपेक्षा खूप लवकर मंदावतो. १ टक्का सीरममध्ये जंतू मेला नाही म्हणून अल्टरनेटिव्ह मार्गाला तो दिसत नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतूवर पडद्याला छिद्र पडण्याची वाट पाहू नका. त्याची पेप्टिडोग्लायकनची भिंत जाड असते. तिथे सी३बी चिकटून भक्षक पेशींनी गिळणे हेच खरे काम.

५६ अंशांचा हिशेब

कॉम्प्लिमेंट निकामी करण्यासाठी सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवतात तेव्हा सी१, सी२ आणि फॅक्टर बी निकामी होतात. वेळ मोजायची ती बाटली पाण्यात टाकल्यापासून नव्हे, आतले सीरम ५६ अंशांला पोचल्यापासून. त्यासाठी तेवढ्याच पाण्याची दुसरी बाटली थर्मामीटरसह शेजारी ठेवा. बाटली मधून मधून हलवा. तापमान ६० च्या पुढे गेले तर इम्युनोग्लोब्युलिन गोळा होतात, आणि हेच गोळे पुढे ताज्या कॉम्प्लिमेंटला चेतवतात. तापवलेले सीरम हे एकच नियंत्रण पुरेसे मानू नका, कारण तापवल्याने इतर प्रथिनेही बदलतात. ईडीटीए घातलेले ताजे सीरमही सोबत लावा.

निकाल वाचताना

सीएच५० शून्य आणि एएच५० ठीक असेल तर सी१, सी२, सी४ पैकी काहीतरी नाही. उलट असेल तर फॅक्टर बी, डी किंवा प्रॉपर्डिन. दोन्ही शून्य म्हणजे सी३ किंवा सी५ ते सी८ हे लगेच लिहू नका. आधी नव्याने घेतलेल्या आणि नीट हाताळलेल्या नमुन्यावर चाचणी परत करा, कारण खराब नमुनाही नेमका असाच दिसतो. सी९ नसेल तर सीएच५० कमी येते, पण शून्य नाही. फॅक्टर एच किंवा आय नसेल तर आवर सुटून सी३ खर्च होते आणि दोन्ही चाचण्या खाली जातात. मूळ उणीव इंजिनात नसून ब्रेकमध्ये असते.

सी३ आणि सी४ एकत्र वाचा. सी४ कमी, सी३ ठीक: सी१ इनहिबिटरची कमतरता किंवा क्रायोग्लोब्युलिन. सी३ कमी, सी४ ठीक: अल्टरनेटिव्ह मार्ग. स्ट्रेप्टोकोकसनंतरच्या मूत्रपिंडाच्या दाहात सी३ साधारण ६ ते ८ आठवड्यांत परत येते. १२ आठवड्यांनंतरही कमीच असेल तर सी३ ग्लोमेरुलोपॅथी या मूत्रपिंडाच्या आजाराचा विचार करा. दोन्ही कमी: ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटण्याचा आजार), तीव्र जंतुसंसर्ग किंवा प्रथिने बनवणारे यकृतच आजारी. एक सावधगिरी मात्र ठेवा. सी३ आणि सी४ दाहात वाढतात. एकीकडे खर्च आणि दुसरीकडे वाढीव उत्पादन चालू असेल तर आकडा सामान्य दिसतो. संशय असेल तिथे बीबी किंवा सी५बी-९ मोजा.

सी१ इनहिबिटर फक्त 'किती' एवढेच पाहणे

आनुवंशिक अँजिओएडिमा हा सी१ इनहिबिटरच्या दोषामुळे सूज येण्याचा आजार. त्याच्या दुसऱ्या प्रकारात हे प्रथिन भरपूर असते, पण काम करत नाही. तो सुमारे १५ टक्के रुग्णांत आढळतो. प्रमाण ठीक आहे म्हणून रुग्णाला परत पाठवणे धोक्याचे आहे, कारण घशाला सूज आली तर श्वास बंद पडू शकतो. सी४, प्रमाण आणि कार्य तिन्ही तपासा, आणि कार्य कमी आल्यास दुसऱ्या नमुन्यावर खात्री करा. सूज ब्रॅडिकायनिन या शरीरातल्या रसायनामुळे येते, हिस्टामिनमुळे नाही. म्हणून अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड आणि ॲड्रिनॅलिन इथे नीट काम करत नाहीत. सी१ इनहिबिटरचे इंजेक्शन किंवा इकॅटिबँट (ब्रॅडिकायनिन रोखणारे औषध) लागते. आजार उतारवयात पहिल्यांदा दिसला तर सी१क्यू मोजा. ते कमी असेल तर आजार जन्मजात नसून नंतर जडलेला असण्याची शक्यता मोठी.

सी५ रोखणारे औषध चालू असताना

इक्युलिझुमॅब सी५ फुटू देत नाही. औषध नीट काम करत असेल तर सीएच५० जवळपास शून्य येते. ती उणीव नव्हे, औषधाचा परिणाम. मागणीपत्रावर औषधाचे नाव आणि शेवटच्या डोसची तारीख लिहा, नाहीतर प्रयोगशाळा भलत्याच आजाराच्या मागे लागते. पॅरॉक्झिस्मल नॉक्टर्नल हिमोग्लोबिन्युरिया या लाल पेशी फुटण्याच्या आजारात त्या पेशींवर सीडी५५ आणि सीडी५९ दोन्ही नसतात. औषधाने पेशी रक्तातच फुटणे थांबते, पण सी३ त्यांच्यावर चिकटत राहते आणि यकृत-प्लीहा त्या पेशी उचलतात. सीडी५५ ची उणीव औषधाने भरून निघालेली नसते, म्हणून हिमोग्लोबिन पुरेसे चढत नाही.

सी५ बंद म्हणजे मेनिंगोकोकसला (मेंदूज्वराच्या एका जंतूला) मारणारे छिद्र बंद. औषधाआधी किमान दोन आठवडे एसीडब्ल्यूवाय आणि बी या दोन्ही लसी द्या. थांबता येत नसेल तर लस आणि प्रतिबंधक अँटिबायोटिक एकत्र सुरू करा. लस घेतलेल्यालाही हा संसर्ग होऊ शकतो. ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणे किंवा अंगावर जांभळे डाग यांपैकी काहीही दिसले तर रुग्णाने दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे. हे त्याला आणि घरच्यांना पहिल्या डोसच्या दिवशीच लिहून द्या.