त्रोइत्स्कीची वाट : व्यावसायिक टेनिसकडे वळणाऱ्या मुलांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी

पुण्यात गेली बावीस वर्षे मी मुलांना टेनिस शिकवतो. आठवी-नववीतली मुले आणि त्यांचे आईवडील ‘आता पूर्णवेळ टेनिस’ असे ठरवून माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांच्या बोलण्यात नोव्हाक जोकोविचचे नाव असते. जोकोविचबद्दल मलाही अपार आदर आहे, परंतु त्याच्या कारकिर्दीवरून हा व्यवसाय कसा चालतो हे नवख्याला फारसे कळत नाही, कारण तो विसाव्या वर्षीच जगात तिसरा होता आणि सामान्य खेळाडूची अर्धी हयात जिथे जाते त्या पायऱ्या त्याने भराभर ओलांडल्या. म्हणून मी त्यांना बेलग्रेडच्याच, जोकोविचपेक्षा सव्वा वर्षाने मोठ्या असलेल्या व्हिक्टर त्रोइत्स्कीचा अभ्यास करायला सांगतो. आपल्याकडे हे नाव ‘ट्रॉयकी’ असेही लिहिले जाते. सर्बियन उच्चार त्रोइत्स्कीच्या जवळ जातो.

सप्टेंबर 2014 मध्ये बेंगळुरूला भारत आणि सर्बिया यांच्यात डेव्हिस कपची, म्हणजे देशांच्या संघांमधल्या स्पर्धेची, लढत झाली, तेव्हा मी चार विद्यार्थ्यांना घेऊन गेलो होतो. जोकोविच येणार नाही हे कळल्यावर मुले हिरमुसली, पण मला ती लढत फार शिकवून गेली. सर्बियाच्या दुशान लायोविच आणि फिलिप क्रायिनोविच यांनी पहिल्या दिवशी दोन्ही एकेरी सामने जिंकले, पेस आणि बोपण्णा यांनी दोन सेटच्या पिछाडीवरून दुहेरी खेचून आणली, सोमदेवने लायोविचला पाच सेटमध्ये हरवून बरोबरी साधली, आणि पावसामुळे लांबलेल्या अखेरच्या सामन्यात क्रायिनोविचने युकी भांबरीला हरवून लढत 3-2 अशी जिंकली. सुमारे 70 लाख वस्तीचा देश आपल्या सर्वोत्तम खेळाडूवाचून परदेशात जिंकू शकतो, कारण त्याच्या मागे उभे असलेले खेळाडूही पक्के व्यावसायिक असतात, हे मुलांनी डोळ्यांनी पाहिले.

सर्बियाबद्दल एक समजूत आधीच दूर करतो. 1999 मध्ये नाटोचे बॉम्बहल्ले 78 दिवस चालले, आना इवानोविचसारख्या मुलींनी हिवाळ्यात पाणी काढलेल्या पोहण्याच्या तलावात सराव केला, हे खरे आहे. त्यावरून पालक ‘हालअपेष्टांतूनच खेळाडू घडतो’ असा निष्कर्ष काढतात, आणि तो मला मान्य नाही. जोकोविच बाराव्या वर्षी जर्मनीत निकी पिलिच यांच्या अकादमीत गेला, येलेना यांकोविच फ्लोरिडाला गेली, इवानोविचला एका स्वित्झर्लंडच्या उद्योजकाने मोठे आर्थिक पाठबळ दिले. टिकलेल्या प्रत्येकाच्या मागे कोणीतरी वेळेवर खर्च उचलला होता. तेव्हा आधी हिशेब मांडा.

तो हिशेब असा. सर्वांत खालच्या पातळीवर आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या स्पर्धा असतात. पुरुषांच्या ‘एम 15’ स्पर्धेत एकेरी-दुहेरी मिळून एकूण बक्षीस 15,000 डॉलर असते आणि ते सगळ्यांत वाटले जाते. विजेत्याला क्रमवारीचे 15 गुण मिळतात, आणि केवळ पहिली फेरी जिंकणाऱ्याला एक. विमानभाडे, राहणे, जेवण, रॅकेटचे गटिंग (तारा ओवणे) आणि सोबतच्या प्रशिक्षकाचा खर्च या पैशातून निघत नाही, कित्येक वर्षे निघत नाही. त्यावर चॅलेंजर नावाच्या मधल्या पातळीच्या स्पर्धा, मग विजेत्याला 250, 500 आणि 1000 गुण देणाऱ्या एटीपी (पुरुष व्यावसायिक टेनिसपटूंची संघटना) स्पर्धा आणि शिखरावर चार ग्रँड स्लॅम. ग्रँड स्लॅमच्या 128 जणांच्या मुख्य फेरीत साधारण 104 जणांना क्रमवारीवरून थेट प्रवेश मिळतो, 16 जण पात्रता फेरीतून येतात, उरलेल्या जागा वाइल्ड कार्डच्या, म्हणजे आयोजकांनी आपल्या मर्जीने दिलेल्या. म्हणून शंभर हा आकडा या व्यवसायात इतका महत्त्वाचा: त्याच्या अलीकडे असलेला खेळाडू खेळावर जगू शकतो, पलीकडचा बहुधा घरच्यांच्या किंवा प्रायोजकाच्या आधारावर खेळतो. 2024 पासून एटीपीने पहिल्या अडीचशे खेळाडूंना किमान उत्पन्नाची हमी देणारी योजना सुरू केली, त्याने थोडा दिलासा मिळाला आहे. पण पहिल्या अडीचशेत येणे हीच मुळात मोठी मजल आहे.

यातला सर्वांत कठोर नियम म्हणजे मिळवलेले गुण 52 आठवडेच टिकतात. गेल्या वर्षी या आठवड्यात जे जिंकलात ते यंदा याच आठवड्यात वजा होते. हा नियम अंगात भिनायला माझ्या विद्यार्थ्यांना दोन-तीन वर्षे लागतात, आणि त्रोइत्स्कीच्या आयुष्यात तो जितका उघडपणे दिसतो तितका क्वचितच कुठे दिसतो.

त्रोइत्स्की 2006 मध्ये व्यावसायिक झाला. 2007 मध्ये उमागच्या स्पर्धेत पात्रता फेरीतून येऊन त्याने चक्क जोकोविचला हरवले. तरीही पहिले एटीपी विजेतेपद मिळायला ऑक्टोबर 2010 उजाडला. वॉशिंग्टन आणि बँकॉक इथल्या दोन अंतिम सामन्यांत हरल्यानंतर मॉस्कोत तो जिंकला. त्याच वर्षी 5 डिसेंबरला बेलग्रेडमध्ये डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत फ्रान्सविरुद्ध 2-2 अशी बरोबरी झाली असताना निर्णायक सामन्यासाठी यान्को टिप्सारेविचऐवजी त्याला उतरवण्यात आले. आदल्याच दिवशी तो आणि झिमोनिच दोन सेटची आघाडी गमावून दुहेरी हरले होते. तशा रात्रीनंतर त्याने मिकाएल लोद्राला 6-2, 6-2, 6-3 असे हरवले आणि सर्बियाला पहिला डेव्हिस कप मिळवून दिला. पुढच्या वर्षी जूनमध्ये तो जगात बारावा होता.

आता नवख्यांनी नीट वाचावे असा भाग. एप्रिल 2013 मध्ये मोंटे कार्लोला पहिल्याच फेरीत हरल्यावर त्याला उत्तेजक चाचणीसाठी बोलावले. त्याने लघवीचा नमुना दिला. मात्र बरे वाटत नसल्याचे आणि सुईची भीती असल्याचे सांगून रक्ताचा नमुना त्या दिवशी दिला नाही. उपस्थित अधिकाऱ्याच्या बोलण्यावरून हे चालेल असा आपला समज झाला, असे त्याचे म्हणणे होते. दुसऱ्या दिवशी त्याने रक्त दिले आणि त्यात काही आढळले नाही. तरीही त्याला 18 महिन्यांची बंदी झाली. क्रीडा लवादाने नोव्हेंबरमध्ये ती 12 महिन्यांवर आणली; त्याचा हेतू चाचणी चुकवण्याचा नव्हता हे मान्य केले, पण दोष त्याचाच ठरवला. त्याच महिन्यात चेक प्रजासत्ताकाविरुद्ध बेलग्रेडमध्ये डेव्हिस कपची अंतिम लढत होती. त्रोइत्स्की नाही, टिप्सारेविच दुखापतग्रस्त, त्यामुळे निर्णायक सामना तरुण लायोविचला रादेक स्टेपानेकशी खेळावा लागला आणि सर्बिया हरला.

हा प्रसंग मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगतो, कारण नमुना नाकारणे हाच स्वतंत्र गुन्हा आहे आणि आजच्या नियमांनुसार त्याला चार वर्षांपर्यंत बंदी होऊ शकते. कोणी तोंडी काहीही सांगितले तरी त्यावर विसंबू नये. नमुना द्यावा, आणि तक्रार असेल तर ती अर्जावर लेखी नोंदवावी. औषधांचेही तसेच. माझ्या एका विद्यार्थिनीला राष्ट्रीय स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी दुकानदाराने सर्दीची गोळी दिली. पाकिटावर स्यूडोएफेड्रिन छापलेले होते, आणि ते मी वाचले ते केवळ योगायोगाने. स्पर्धाकाळात त्याचे ठरावीक मर्यादेहून अधिक प्रमाण निषिद्ध आहे. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण तिला हे आधी शिकवणे माझे काम होते आणि मी ते केले नव्हते.

बंदी बारा महिन्यांची, गुणांचे आयुष्य 52 आठवड्यांचे. बेरीज-वजाबाकी तुम्हीच करा. जुलै 2014 मध्ये त्रोइत्स्की परतला तेव्हा त्याची क्रमवारी आठशेच्या पलीकडे गेलेली होती. वाइल्ड कार्डवर ग्श्टाडला सुरुवात करून, चॅलेंजर स्पर्धा आणि पात्रता फेऱ्या खेळत तो वर्षअखेरीस शंभराच्या आसपास पोहोचला. जानेवारी 2015 मध्ये सिडनीला पात्रता फेरीतून येऊन त्याने विजेतेपद मिळवले, आणि पुढच्या वर्षी तिथेच दिमित्रोव्हला हरवून ते राखले. 2020 च्या जानेवारीत त्याच शहरात एटीपी कप या सांघिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत स्पेनविरुद्धची निर्णायक दुहेरी त्याने जोकोविचच्या साथीने जिंकली. 2021 पासून तो सर्बियाच्या डेव्हिस कप संघाचा कर्णधार आहे. तिशीच्या मध्यावर खेळ थांबल्यावर पुढे काय, या पालकांच्या प्रश्नाचे हे एक उत्तर आहे. अर्थात कर्णधाराची खुर्ची देशात एकच असते, म्हणून बारावी आणि पदवी सोडू नका, असे मी आग्रहाने सांगतो.

नव्या विद्यार्थ्याला मी पहिल्या आठवड्यात दोन कामे देतो. आंतरराष्ट्रीय महासंघाकडे आयपिन (खेळाडूचा ओळख क्रमांक) नोंदणी करून घ्यायची, आणि स्पर्धेच्या सोमवारच्या अठरा दिवस आधीच्या गुरुवारी, आपल्या संध्याकाळी साडेसातला, प्रवेशिका बंद होतात हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहायचे. दुसरे काम वहीचे. त्रोइत्स्कीचे जुलै 2014 ते जानेवारी 2015 मधले सामने एटीपीच्या नोंदींतून उतरवायचे: आठवडा, गाव, फेरी, मिळालेले गुण. वही पूर्ण झाली की शेजारच्या कोऱ्या पानावर पालकांनी त्याच आठवड्यांचा आपल्या मुलाचा अंदाजे खर्च मांडायचा, आणि मग दोन्ही पाने घेऊन माझ्याकडे बसायचे.